मिनिटाला तीन

आत्याच्या पोटातला तो आवाज मी स्वतः ऐकला आहे. नागपुरातल्या एका डॉक्टरांनी तिला उताणं झोपवलं, स्टेथोस्कोप बेंबीच्या वर ठेवला, दोन्ही हातांनी कंबर धरली आणि डावी-उजवीकडे हलकेच हलवली. मग त्याच नळ्या माझ्या कानात घातल्या आणि पुन्हा हलवली. अर्धी भरलेली घागर कडेवरून नेताना आत पाणी डचमळतं ना, अगदी तसा आवाज. "सकाळपासून काय घेतलं?" डॉक्टरांनी विचारलं. "काहीच नाही. काल रात्री वरण-भात खाल्ला, तोही चार घास." भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते.

आत्याचं सासर वारासिवनीजवळच्या एका गावात. बालाघाट जिल्ह्यातला हा पट्टा वैनगंगेच्या खोऱ्यातला, भाताचा. चिन्नोर हा सुवासिक तांदूळ इथलाच; 2021 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. जिल्हा मध्य प्रदेशात, सरकारी कागद हिंदीत, पण घरात कुठे पोवारी, कुठे मराठी, आणि मोठं दुखणं निघालं की गाडी वळते ती गोंदियाकडे नाहीतर नागपूरकडे. इथे "जेवलास का" विचारायचं तर "भात खाल्लास का" विचारतात. अशा घरातली बाई दोन घासांत ताट सरकवू लागली, तेव्हा पहिले काही महिने कोणी मनावर घेतलं नाही. मग उलट्या सुरू झाल्या. सकाळी खाल्लेल्या वालाच्या शेंगा संध्याकाळी जशाच्या तशा बाहेर. तिच्या सासूबाईंनी बेंबी सरकली असेल म्हणून चोळून घ्यायला लावलं. कोणी नजर काढली. दवाखान्यात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या, त्या संपल्या की दुसऱ्या नावाच्या त्याच गोळ्या. असं दीड वर्ष गेलं आणि वजन बारा किलोंनी उतरलं.

तिच्या दुखण्याचं नाव गॅस्ट्रोपॅरेसिस. वाटेत कुठे गाठ नाही, व्रण सुजून दार बंद झालेलं नाही, आतडं पिळलेलं नाही, तरीही जठर वेळेत रिकामं होत नाही. मधुमेहींमधल्या या अवस्थेला पॉल कासँडर या डॉक्टरांनी 1958 मध्ये हे नाव दिलं. अडथळा नाही याची खात्री आधी करावी लागते, म्हणून दुर्बीण घालून आत पाहणं ही पहिली पायरी. आपल्याकडे तर क्षय किंवा कर्करोगही पोटाचं दार अडवून बसलेला सापडतो. ही पायरी गाळून कोणाला गॅस्ट्रोपॅरेसिसचा शिक्का मारणं धोक्याचं. आत्याची वाट मोकळी निघाली. अडलं होतं ते ढकलणाऱ्याचं काम.

हे काम समजून घ्यायला बालाघाट-गोंदियाच्या माणसाला लांब जायला नको. भाताची गिरणी पाहिली की पुरे. गिरणीत वर धान ओततात ती कोठी, मध्ये भरडणारे रोलर, खाली चाळणी. जठराचा वरचा भाग अशी कोठीच आहे. घास आला की तो सैल पडतो आणि जागा करून देतो. ही जागा झाली नाही तर चार घासांत पोट तट्ट वाटतं. खालचा भाग जाड स्नायूंचा, तो भरडतो. आणि शेवटी पायलोरस नावाचं दार, ते चाळणीचं काम करतं. साधारण दोन मिलिमीटरपेक्षा बारीक झालेला कणच ते पुढे सोडतं, मोठा असेल तर परत भरडायला पाठवतं. पाणी, ताक, पेज यांना भरडायचं काही नसतं, ते लवकर उतरतात. भाजी-भाकरी मात्र बराच वेळ आत घुसळत राहते.

दोन जेवणांच्या मधल्या काळात जठर स्वतःला झाडूनही काढतं. दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक जोरकस लाट जठरातून निघून आतड्याच्या टोकापर्यंत जाते आणि उरलंसुरलं, न भरडलेलं सगळं पुढे लोटते. आपण ज्याला पोटात कावळे कोकलणं म्हणतो, त्यात या लाटेचा मोठा वाटा. ती लाट उठणं बंद झालं की चोथा आत साचतो, कधी कधी त्याचा गोळाही होतो. आत्या म्हणायची, "पोटात गोटा बसल्यावानी वाटते." तिच्या शब्दांत मला कधी अतिशयोक्ती दिसली नाही.

आता या गिरणीला चालवतं कोण? इथे वीज येते, आणि ती बाहेरून येत नाही.

1922 मध्ये वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकी डॉक्टरांनी एका वृद्धेच्या पोटाच्या कातडीवर तारा लावून जठरातली वीज नोंदवली. बाईंच्या पोटाची भिंत इतकी पातळ होती की आतल्या लाटा उघड्या डोळ्यांनी दिसत. कागदावर एक संथ, नागमोडी रेघ उमटली आणि तिचा ताल होता मिनिटाला तीन. हृदय बहात्तरच्या आसपास ठोके देतं, जठर तीन. जेवताना, झोपेत, उपाशी असतानाही हा ताल थांबत नाही. जठराच्या मोठ्या वळणावर, वरून साधारण तिसऱ्या हिश्शाला, लाट उठते आणि दारापर्यंत पोहोचते. प्रत्येक लाटेला स्नायू आवळतोच असं नाही. मज्जातंतूंचा इशारा मिळाला की त्या लाटेवर आकुंचन स्वार होतं. म्हणजे ताल सतत चालू, आणि नाच फक्त गरजेपुरता.

ताल धरणाऱ्या पेशी सापडल्या होत्या अल्वारेझच्याही आधी, पण त्यांचं काम कोणाला कळलं नव्हतं. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आतड्याच्या भिंतीत फांद्याफांद्यांच्या विचित्र पेशी पाहिल्या आणि त्यांना मज्जापेशी समजून चित्रं काढली. काहाल यांना 1906 चं नोबेल मिळालं ते मेंदूवरच्या कामासाठी. पोटातल्या या पेशी मात्र त्यांचं नाव घेऊन जवळजवळ शंभर वर्षं बिनकामाच्या पडून राहिल्या. 1990 च्या दशकात उंदरांवर प्रयोग झाले. ज्या उंदरांमध्ये या पेशी तयारच होत नाहीत, त्यांच्या आतड्यात संथ लाट उठत नाही. तेव्हा कळलं की ताल धरणाऱ्या याच. पुढे गॅस्ट्रोपॅरेसिसच्या रुग्णांच्या जठराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा अनेकांमध्ये याच पेशी विरळ झालेल्या आढळल्या.

मधुमेह अनेक वर्षं राहिला की जठराला दोन बाजूंनी मार बसतो. ताल धरणाऱ्या पेशी कमी होतात, आणि मेंदूकडून पोटाकडे येणारी व्हेगस ही लांबलचक नस अधू होते. आत्याला मधुमेह एकोणीस वर्षांचा. ती कधीच जाड नव्हती, म्हणून "हिला कशी साखर?" असं नातेवाईक विचारायचे. या प्रश्नाचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एका फोटोतून दिलं. फोटोत ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखं, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. किडकिडीत दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या आत काय साठलेलं असतं, ते त्या एका फोटोने जगाला दिसलं. देशात मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर गेल्याचं आयसीएमआरच्या पाहणीने 2023 मध्ये सांगितलं. त्यातल्या थोड्याच जणांचं जठर असं मंदावतं, पण ज्यांचं मंदावतं त्यांना घरात कोणी समजून घेत नाही.

हे मी आत्यामुळे म्हणतो. ती इन्सुलिन घ्यायची जेवणाआधी, सांगितलेल्या मापात. भात जठरातच अडकून राहायचा, इन्सुलिन मात्र वेळेवर काम सुरू करायचं. तासाभरात हातपाय थरथरायचे, घाम फुटायचा, साखर पार खाली. मग मध्यरात्री कधीतरी तो भात खाली उतरायचा तेव्हा इन्सुलिन संपलेलं, आणि सकाळी यंत्रावर तीनशेच्या पुढचा आकडा. घरच्यांनी त्या आकड्याचा एकच अर्थ काढला: ही चोरून गोड खाते. डब्यांना कुलूप लागलं. साखर चढली की जठर आणखी मंदावतं, म्हणजे हा भोवरा स्वतःलाच गती देत राहतो. कुलपाची आठवण निघाली की आत्या अजूनही गप्प होते.

हृदयाचा ताल चुकला तर पेसमेकर बसवतात. मग जठराला का नाही? हा प्रश्न ज्या शहरात पहिल्यांदा गांभीर्याने विचारला गेला, ते अमेरिकेतलं मिनिअ‍ॅपोलिस. तिथे 1957 च्या ऑक्टोबरअखेर मोठ्या प्रमाणावर वीजपुरवठा खंडित झाला. त्या काळी हृदयाचे पेसमेकर भिंतीतल्या सॉकेटवर चालत. शल्यविशारद वॉल्टन लिलेहाय यांनी अर्ल बॅकन या तंत्रज्ञाला विचारलं, बॅटरीवर चालणारं काही करता येईल का? बॅकन एका गॅरेजमधून रुग्णालयांची यंत्रं दुरुस्त करण्याचा धंदा चालवत होते. मेडट्रॉनिक ही कंपनी म्हणजे तेच गॅरेज. त्यांना एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकातला मेट्रोनोमचा नकाशा आठवला. गाणाऱ्याला लय दाखवणारं ते टिकटिक यंत्र. त्यावरून चार आठवड्यांत तळहातावर मावणारा पेसमेकर तयार झाला. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या आपल्या पिढीला ही गोष्ट जास्त जवळची वाटावी.

त्याच शहरात 1963 मध्ये बिल्गुताय या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत लिलेहायही होते, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सुस्तावलेल्या आतड्यांना नळीच्या टोकावरून वीज देऊन पाहिली. बातमी गाजली. नंतर इतरांनी काटेकोर तुलना केली तेव्हा तो फायदा टिकला नाही. पण कल्पना मेली नाही. 1998 मध्ये नऊ रुग्णांच्या जठरावर तारा शिवून त्यांना स्वतःच्या तालापेक्षा किंचित जास्त वेगाने झटके दिले, आणि जठर खरोखर लवकर रिकामं झालं. अडचण निघाली ती बॅटरीची. जठराचा स्नायू आळशी. त्याला ताल पटवायचा तर प्रत्येक झटका 300 मिलिसेकंद धरून ठेवावा लागतो. एवढी वीज पुरवणारी बॅटरी कातडीखाली बसवण्याजोगी नव्हती. यंत्र शरीराबाहेर, तारा पोटातून बाहेर निघालेल्या. असं किती दिवस जगणार?

दुसरी वाट कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून निघाली. फामिलोनी, थॉमस एबेल या संशोधकांनी आणि त्यांच्या गटाने जठराच्या स्वतःच्या वेगाच्या चौपट वेगाने, पण अगदी क्षणिक टिचक्या दिल्या. त्यातून जे यंत्र घडलं ते एन्टेरा. त्याचा गाभा नवा नव्हता. पाठीच्या कण्याला वीज देऊन वेदना कमी करणारं मेडट्रॉनिकचं इट्रेल हे उपकरण आधीच होतं, तेच पोटासाठी जुळवून घेतलं. दर पाच सेकंदांनी एकदा, सेकंदाच्या दहाव्या हिश्शापुरतं, ते जागं होतं आणि दोन टिचक्या देतं. प्रत्येक टिचकी 330 मायक्रोसेकंदांची, म्हणजे 1998 च्या झटक्याच्या साधारण नऊशेव्या हिश्शाएवढी. म्हणूनच बॅटरी काही वर्षं पुरते.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते. दोन तारा जठराच्या मोठ्या वळणाच्या स्नायूत ओवतात, पायलोरसपासून नऊ आणि दहा सेंटिमीटरवर, एकमेकींपासून बोटाच्या पेराहूनही कमी अंतरावर. तारांची दुसरी टोकं पोटाच्या कातडीखाली ठेवलेल्या काडेपेटीएवढ्या डबीला जोडतात. माझ्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड आहे, देशातली सर्वांत मोठी तांब्याची खाण. वीज म्हटली की आम्हाला तांबंच आठवतं. पण शरीरात तांबं चालत नाही. ते झिजतं आणि पेशींना विषारी ठरतं. स्नायूला टेकणारं टोक असतं प्लॅटिनम आणि इरिडियमचं. रुग्णाला या टिचक्या जाणवत नाहीत. आमच्याकडे "करंट देणार" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वेड्यांच्या इस्पितळाचं चित्र येतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

31 मार्च 2000 रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एन्टेराला परवानगी दिली, पण ती मानवतेच्या सवलतीखाली. ज्या दुखण्याचे रुग्ण थोडे असतात, त्यांच्यासाठी अशी सोय आहे. यंत्राने अपायापेक्षा फायदा होण्याचा संभव जास्त आहे एवढं दाखवलं तर चालतं, ते परिणामकारक असल्याचा पक्का पुरावा देण्याची अट लावत नाहीत. या परवानगीचा अर्थ रुग्णाला नीट समजावून सांगायला हवा. "अमेरिकेत मान्यता आहे" हे वाक्य खरं आहे आणि अपुरंही.

पुरावा गोळा करण्याची पद्धत मोठी सुंदर आहे. डबी सगळ्यांना बसवायची. मग काही काळ चालू, काही काळ बंद, आणि कधी काय आहे ते रुग्णालाही माहीत नाही, विचारणाऱ्या डॉक्टरलाही नाही. टिचकी जाणवतच नसल्यामुळे हे लपवता येतं. रुग्णाने एकच करायचं: रोज वहीत लिहायचं, आज किती वेळा उलटी झाली.

2003 मध्ये 33 रुग्णांच्या वह्या प्रसिद्ध झाल्या. यंत्र चालू असलेल्या महिन्यात उलट्या कमी होत्या. पाच जणांना मात्र जंतुसंसर्ग किंवा दुसऱ्या त्रासामुळे यंत्र काढावं किंवा पुन्हा बसवावं लागलं. 2010 मध्ये 55 मधुमेहींवरचा अभ्यास आला आणि त्याने कोडं घातलं. यंत्र बसवल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत, जेव्हा सगळ्यांना ते चालू असल्याचं माहीत होतं, उलट्या निम्म्याहून कमी झाल्या. त्यानंतर आंधळी पाळी आली, तीन महिने चालू आणि तीन महिने बंद. दोन्ही पाळ्यांत फरक निघेना. पहिल्या सहा आठवड्यांचा परिणाम बंद केल्यावरही रेंगाळला? की आपल्यासाठी कोणीतरी एवढं केलं या विश्वासाचाच तो परिणाम? त्या अभ्यासातून दोन्ही अर्थ निघतात, आणि मला तो प्रामाणिक अभ्यास वाटतो, कारण त्याने हे लपवलं नाही.

मग 2020 मध्ये फ्रान्समधून 172 रुग्णांचा अभ्यास आला, आजवरचा सर्वांत वजनदार. यात चार-चार महिन्यांच्या पाळ्या होत्या. यंत्र चालू असताना साधारण 31 टक्के रुग्णांना उलट्यांमध्ये ठळक सुधारणा जाणवली, बंद असताना साधारण 17 टक्क्यांना. फरक लहान, पण खरा. आणि त्याच अभ्यासातली दुसरी ओळ: जठर रिकामं होण्याचा वेग बदलला नाही.

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थबकलो. जठर मंद आहे म्हणून बसवलेलं यंत्र जठराला वेग देत नाही, आणि तरी उलट्या कमी करतं. त्याहून चक्रावणारं म्हणजे त्या 172 जणांत काहींचं जठर मुळात वेळेवर रिकामं होत होतं. उलट्या त्यांनाही होत्या, आणि यंत्राचा उपयोग त्यांनाही जवळजवळ तसाच झाला. मग यंत्र नक्की कोणाशी बोलतं? इतक्या क्षणिक टिचकीने जठराचा स्नायू हलत नाही, पण मज्जातंतू जागे होतात. व्हेगस नसेतले बहुतेक धागे पोटाकडून मेंदूकडे बातम्या नेणारे असतात. मेंदूच्या तळाशी जिथे मळमळीचा आणि ओकारीचा निर्णय होतो, तिथे त्या बातम्या पोहोचतात. सध्याची समजूत अशी की यंत्र ती बातमी सौम्य करतं. शिवाय जठराच्या वरच्या कोठीला सैल पडायलाही त्याची मदत होत असावी. थोडक्यात, हृदयाच्या पेसमेकरची नक्कल करायला निघालेले लोक वेगळ्याच गावी पोहोचले. यंत्राला लोक अजून "पोटाचा पेसमेकर" म्हणतात. हे नाव टाकून द्यावं असं माझं मत आहे. ते रुग्णाला चुकीची आशा लावतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: जठर जर तसंच मंद राहिलं तर उपाय झाला कसा? मला हा आक्षेप पटत नाही. जठर किती मंद आहे हे मोजायला किरणोत्सारी टेक्नेशियम मिसळलेलं जेवण देतात आणि कॅमेऱ्याखाली चार तास पाहतात. 2000 मध्ये 11 केंद्रांवरच्या 123 निरोगी लोकांवरून मोजपट्टी ठरली: अंड्याचा पांढरा बलक, पाव, जॅम, पाणी, आणि चार तासांनी दहा टक्क्यांहून जास्त उरलं तर जठर मंद. अंडं न खाणाऱ्याला वेगळं जेवण द्यावं लागतं आणि मग मोजपट्टीही वेगळी लागते. चाचणी हवीच, तिच्याशिवाय निदान होत नाही. पण चाचणीतला आकडा आणि माणसाचा त्रास यांची जोडी सैल आहे. चाळीस टक्के उरलेला माणूस जेवून कामाला जातो आणि पंधरा टक्के उरलेला बादलीजवळ बसून असतो. रात्रीतून सहा वेळा उठणाऱ्या बाईला टक्क्यांशी काय करायचं आहे? तिच्यासाठी सहाचे दोन झाले, तर तो उपायच.

तरीही आत्याला ते यंत्र बसलं नाही, आणि तिला ते बसवावं असं डॉक्टरांनीही सुचवलं नाही. साधे उपाय करून थकल्यावरचा हा उपाय आहे, आणि तिच्यावर साधे उपायच नीट झाले नव्हते. आधी तिच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली गेली. आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड नाहीतर डॉम्पेरिडोन, अशा गोळ्या आपल्याकडे गॅसची गोळी म्हणून सर्रास चालतात. लेव्होसल्पिराइड महिनोन्‌महिने घेतलं की हात कापू लागतात, चाल जखडते. मेटोक्लोप्रमाइडने तोंडाच्या, जिभेच्या नकळत हालचाली सुरू होऊ शकतात, आणि त्या कधी कधी औषध थांबवल्यावरही जात नाहीत. डॉम्पेरिडोन काहींच्या हृदयाचा ताल बिघडवतं. औषधं वाईट नाहीत, गरजेला तीच धावून येतात. पण ती मोजून, मुदत घालून द्यायची असतात. आत्याच्या हाताचा कंप वयाचा नव्हता, हे त्या दिवशी कळलं. मधुमेहाची आणि वजनाची नवी इंजेक्शनं निघाली आहेत, तीही जठराला मंद करतात. ती घेणाऱ्याने मळमळीची तक्रार केली तर पहिला संशय त्यांच्यावर घ्यायला हवा.

मग जेवण. डॉक्टर सांगू लागले आणि आत्याचा चेहरा उजळत गेला, कारण ते सगळं तिच्या माहेरचं होतं. पेज. मऊ शिजवून घोटलेला भात, वरून पातळ वरण, तेलाची फोडणी नको, कच्ची कोशिंबीर नको, साली आणि शिरा असलेल्या शेंगा नकोत. दिवसातून सहा वेळा, एका वेळी एक वाटी. जेवल्यावर आडवं न होता अंगणात फिरायचं. स्वीडनमध्ये 2014 मध्ये मधुमेही रुग्णांना वीस आठवडे बारीक कणांचं जेवण देऊन पाहिलं आणि उलट्या-मळमळ कमी झाली. गिरणी थकली असेल तर धान आधीच भरडून द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. भाताची पेज साखर वाढवते हे खरं, म्हणून इन्सुलिनची वेळ बदलली: आता ती पेज पोटात राहिली आहे असं पाहून मग टोचते, जेवणाआधी नाही. ही वेळ प्रत्येकाची वेगळी असते आणि ती डॉक्टरांनीच बसवून द्यायची असते.

एवढ्याने भागलं नसतं तर पुढचा पर्याय पायलोरसचा होता. तोंडातून दुर्बीण घालून त्या दाराचा स्नायू आतून कापतात. माणसावर हे पहिल्यांदा 2013 मध्ये झालं. चेक डॉक्टरांनी 2022 मध्ये 41 रुग्णांवर खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना केली, तेव्हा खऱ्या कापाने 71 टक्क्यांना आराम पडला आणि खोट्याने 22 टक्क्यांना. वीज देणाऱ्या डबीपेक्षा ही वाट आपल्या भागातल्या माणसाला लवकर परवडेल असं मला वाटतं. आत काही ठेवावं लागत नाही, बॅटरी बदलावी लागत नाही, आणि दुर्बिणीने बारीक काम करणारे हात आपल्या देशात आहेत.

निघताना डॉक्टरांनी आत्याला वही ठेवायला सांगितली. तिने नातवाची चौकटीची वही घेतली. लिहिता येतं तिला, पण हात कापायचा, म्हणून आकड्यांऐवजी ती रेघा मारायची, एका उलटीला एक. पहिल्या पानावर एका दिवसाच्या चौकटीत सात रेघा आहेत, सातवी चौकटीबाहेर गेलेली. तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा नागपूरला गेलो तेव्हा मी रिपोर्टची फाईल पुढे केली. डॉक्टरांनी ती बाजूला ठेवली आणि वही मागितली. एकेक पान उलटत गेले. शेवटच्या पानावर सोमवारी एक रेघ होती, गुरुवारी एक, बाकी चौकटी कोऱ्या. "हे शुक्रवार-शनिवार राहून गेलं का लिहायचं?" त्यांनी विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. "त्या दिवशी झालीच नाही."